थर्टीन माइलची गैरहजर कॅप्टन

थर्टीन माइल
६ सप्टेंबर १९८६

प्रिय डल्सी,

अभिनंदन. काल संध्याकाळी आपल्या अग्निशमन दलाची वार्षिक सभा झाली आणि तू एकमताने कॅप्टन झालीस.

तू म्हणशील, मी तर आठ महिन्यांपूर्वीच गाव सोडलं. तेच तर कारण आहे. इथली रीत तुला सांगायला नको: सभेला जो येत नाही तो निवडून येतो, कारण नाही म्हणायला तो तिथे नसतो. याच धास्तीने तू आणि मी चाळीस वर्षांत एक सभा चुकवली नाही. पंचाईत अशी, की काल सगळेच आले. सहाच्या सहा. मर्व्हिन हर्नियाच्या टाक्यांसकट आला आणि दारात गादीवर आडवा पडला. त्याची बायको जॉइस उशाशी बसून माश्या हाकत होती. लीबेल्ट बंधूंनी १९७१ पासून एकमेकांशी शब्द बोललेला नाही, पण दोघेही हजर, दोन टोकांच्या दोन खुर्च्यांवर. कॉलिन गव्हाच्या कोठारावरून तसाच आला, भुशाने पांढरा झालेला. गैरहजर कुणी उरलंच नाही, तेव्हा दफनभूमीचा विचार झाला. मर्व्हिनने ऑटोकाकांचं नाव सुचवलं. कॉलिन म्हणाला, जिवंतपणी ज्याने कधी बादली उचलली नाही तो आता काय उचलणार. मग मला तू आठवलीस.

गंमत सोड. जिल्हा कौन्सिलचा नवा फतवा आलाय. दलात कॅप्टन धरून सात माणसं नसतील तर ३० नोव्हेंबरला, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, बंब उचलून काराबेलला नेणार. काराबेल पंचेचाळीस मैल. तिथून बंब येईपर्यंत इथे विझवायला काही शिल्लक राहणार नाही. कॅप्टनची जिल्ह्यात जमीन हवी, अशीही अट आहे. तुझी आहे. शेत विकलंस, पण रॉनच्या कबरीशेजारची तुझी सहा फूट बाय तीनची जागा अजून तुझ्याच नावावर आहे. मी दफनभूमीच्या वहीत पाहिलं.

आणि माझ्या नेव्हिलचं तुला ठाऊकच आहे. रस्त्यावरचं शेवटचं घर माझं. गेल्या उन्हाळ्यात वणवा माझ्या पाण्याच्या टाकीपर्यंत आला होता. गावात बंब आहे तोवर आईने तिथे राहावं, असं त्याने कबूल केलंय. बंब गेला की तो ट्रेलर घेऊन येणार आणि मला व्हायअ‍ॅलाला त्याच्या गॅरेजमागच्या खोलीत नेऊन ठेवणार. खोलीत गालिचा आहे, हे तो मला तीनदा म्हणाला.

सोबतच्या कागदावर कॅप्टन म्हणून सही करून परत पाठव.

तुझी नणंद
एल्मा


व्हिक्टर हार्बर
१४ सप्टेंबर

प्रिय एल्मा,

अभिनंदन जसंच्या तसं परत पाठवते आहे.

मी सहासष्ट वर्षांची आहे. बंबाच्या पायरीवर चढायला मला शिडी लागते आणि शिडीवर चढायला माणूस. शिवाय मी बंबापासून साडेचारशे मैलांवर राहते. इथून मला तुमचा वणवा दिसायचा तर तो फारच मोठा असावा लागेल.

इथे मी कुणी नाही, एल्मा, आणि तुला सांगते, या सुखाला तोड नाही. दोन खोल्या, समोर समुद्र. आठ महिन्यांत एकानेही मला सहा डझन स्कोन भाजून आणायला सांगितलेले नाहीत. शेजारीण मला नुसतं ‘मिसेस’ म्हणते, कारण पुढचं नाव तिला माहीत नाही आणि मीही सांगितलेलं नाही. चाळीस वर्षं मी अकरा समित्यांवर होते. रॉनच्या अंत्यविधीला माझ्याच हातचे सँडविच होते, कारण त्या आठवड्यात चहापाण्याची पाळी माझी होती आणि ती बदलायची म्हणजे सभा घ्यावी लागली असती. ती पाळी लावणारं कोण होतं, ते तू विसरली नसशील.

रॉनशेजारच्या जागेचं म्हणशील तर जमीन माझी आहे, पण ताबा घ्यायची मला घाई नाही.

नेव्हिलचं वाईट वाटलं. पण मी राजीनामा देते आहे. हे पत्र म्हणजेच राजीनामा समजावा.

डल्सी


थर्टीन माइल
२७ सप्टेंबर

प्रिय डल्सी,

तुझा राजीनामा सभेपुढे ठेवला. नियम सात प्रमाणे राजीनामा कॅप्टनच्या नावे द्यावा लागतो. कॅप्टन तू आहेस. म्हणून तो तुझ्याकडे योग्य कार्यवाहीसाठी सोबत जोडून पाठवत आहे.

त्याच सभेला तू पुन्हा गैरहजर राहिलीस. त्यामुळे टेनिस क्लब आणि दफनभूमी समिती यांचीही तू अध्यक्ष झालीस. टेनिसचा त्रास काही नाही, कोर्टावर कॉलिनने गहू पेरलाय. नाताळच्या मेळाव्याचा सांताक्लॉजही तूच झाली असतीस, पण धाकटा लीबेल्ट म्हणाला की हे जरा अति होतंय. थोरल्याने लगेच विरोध केला, म्हणजे थेट त्याला नाही, जॉइसमार्फत. तो विषय पुढच्या सभेला येईल.

इकडे पीक चांगलं आहे. म्हणजेच जळण चांगलं आहे. माझ्या कुंपणापर्यंत गहू कमरेएवढा उभा आहे आणि पाऊस गेल्याला तीन आठवडे झाले. नेव्हिलने गॅरेजमागच्या खोलीचा फोटो पाठवला. गालिचा तपकिरी आहे.

कौन्सिलचा इन्स्पेक्टर १६ ऑक्टोबरला येतोय. त्याला कॅप्टनला प्रत्यक्ष भेटायचं आहे. काय करू ते कळव.

एल्मा


व्हिक्टर हार्बर
३ ऑक्टोबर

प्रिय एल्मा,

कॅप्टन या नात्याने मला माझा राजीनामा मिळाला. मी त्यावर सहानुभूतीने विचार केला आणि तो मंजूर केला. निवृत्त कॅप्टनच्या अल्पशा सेवेबद्दल मी त्यांचे आभार मानले. त्यांनाही भरून आलं.

इन्स्पेक्टरला खरं सांग. कधीतरी करून बघ.

डल्सी


थर्टीन माइल
१९ ऑक्टोबर

प्रिय डल्सी,

मंजुरीला अनुमोदक लागतो. तुझ्याकडे अनुमोदक नव्हता. तेव्हा तू अजून कॅप्टन आहेस.

इन्स्पेक्टर येऊन गेला. हॅड्रिल नाव आहे. पन्नाशी उलटलेला, लांब मानेचा, बोलताना टोपी मांडीवर ठेवून तिच्याशीच बोलल्यासारखं बोलतो. खरं सांगायचं माझ्या अगदी ओठांवर होतं, पण तेवढ्यात मर्व्हिनने सांगून टाकलं की कॅप्टन उत्तरेकडचं कुंपण बघायला गेल्यात, येतीलच. मग तुझी वाट बघणं आलं. हॅड्रिल चार तास बसला. आम्ही त्याला तुझे बूट दाखवले, म्हणजे रॉनचे. तुझा फोटो दाखवला, १९५२ सालचा, टेनिसचा चषक हातात धरलेला. तो म्हणाला, कॅप्टन तरुण दिसतात. जॉइस म्हणाली, मोकळ्या हवेत असतात ना.

दर अर्ध्या तासाने थोरला लीबेल्ट बाहेर जाऊन तुझ्या गाडीची धूळ दिसते का बघायचा आणि आत येऊन नाही म्हणायचा. मग धाकटा स्वतः जाऊन बघायचा, कारण थोरल्याच्या शब्दावर त्याचा विश्वास नाही. या वेळात हॅड्रिलने माझ्या क्रीम केकचे पाच तुकडे खाल्ले. बायको जाऊन सहा वर्षं झाली, असं त्याने टोपीला सांगितलं.

शेवटी म्हणाला, कॅप्टन बहुधा फारच मन लावून कुंपण बघतायत. आता ८ नोव्हेंबरला कवायत आहे. बंब शेडमधून काढून पाच मिनिटांत पाणी उडालं पाहिजे. नाही उडालं तर तो ३० तारखेपर्यंत थांबणार नाही, त्याच दिवशी बंब घेऊन जाईल.

डल्सी, पंप चालू होत नाहीये. तो वणवा सोडला तर दोन वर्षं आपण तो फक्त मर्व्हिनच्या लिंबांना पाणी घालायला वापरला. आता लिंबांनाही घालत नाही तो.

एल्मा


व्हिक्टर हार्बर
२५ ऑक्टोबर

प्रिय एल्मा,

हे मी कॅप्टन म्हणून लिहीत नाही. जिला पंप माहीत आहे अशी एक त्रयस्थ बाई म्हणून लिहिते आहे.

तुम्ही त्याला डावीकडून लाथ मारत असणार. डावीकडून मारली तर तो नुसता खोकतो. उजवीकडे, गुडघ्याच्या उंचीवर, पत्र्याला पोचा आहे. तो पोचा माझ्या टाचेचा आहे. तिथे एकदा मारायची, पाचपर्यंत मोजायचं, मग दुसऱ्यांदा. एकोणीस वर्षं रॉन कॅप्टन होता आणि एकोणीस वर्षं लाथ मी मारली. सभेच्या वृत्तांतात हे कुठेच नाही, कारण वृत्तांत तू लिहीत होतीस.

पाणी सोडताना नळी धाकट्या लीबेल्टच्या हातात देऊ नकोस. समोर थोरला असेल.

आणि एक विचारते. आपण चाळीस वर्षं नऊ मैलांवर राहिलो. त्या चाळीस वर्षांत तू मला पाठवलेल्या प्रत्येक चिठ्ठीत काहीतरी आणायला सांगितलेलं होतं. टेबलक्लॉथ आण, दूध आण, चमचे मोजून आण. आज सात आठवड्यांत तुझी इतकी लांब पत्रं आली. हे सगळं फक्त बंबासाठी आहे ना? की नेव्हिल म्हणतो त्यात तथ्य आहे आणि तुला तिथे एकटीला जमत नाही? तसं असेल तर गालिचा काही इतका वाईट नसतो. इथे माझ्याकडेही आहे.

डल्सी


थर्टीन माइल
९ नोव्हेंबर

प्रिय डल्सी,

पाणी उडालं. चार मिनिटं पन्नास सेकंदांत. लाथ जॉइसने मारली, तुझ्याच पोच्यावर. नळी मी कॉलिनला दिली होती, पण पाण्याच्या जोराने तो मागे गेला आणि ती धाकट्याच्या हातात आली. पुढचं तू ओळखलंस. थोरला ओलाचिंब होऊन उभा राहिला आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा भावाशी बोलला. काय बोलला ते मी वृत्तांतात घेतलेलं नाही. धाकट्यालाही उत्तर द्यावं लागलं. आता दोघे रोज बोलतात, आणि पूर्वीची शांतता बरी होती असं सगळ्यांचं मत आहे.

खरी बातमी पुढे आहे. कवायतीनंतर हॉलमध्ये चहा आणि छोटी सभा होती. हॅड्रिल म्हणाला, पाणी छान, पण कॅप्टन कुठे आहेत? मर्व्हिन कुंपणाचं पुन्हा सुरू करणार होता, जॉइसने त्याच्या टाक्यांवर कोपर ठेवलं. मग मी सांगितलं. सगळं. व्हिक्टर हार्बर, समुद्र, रॉनचे बूट. हॅड्रिलने टोपी बाजूला ठेवून आणखी चहा मागितला. चहाचा तिसरा कप झाला होता, तेव्हा म्हणाला, जरा जाऊन येतो, आणि हॉलमागच्या संडासाकडे गेला.

डल्सी, तो सभेतून उठून गेला. आम्ही कुणी ठरवलं नव्हतं. कॉलिनने सुचवलं, थोरल्याने अनुमोदन दिलं, धाकट्याने चक्क हात वर केला. हॅड्रिल हात पुसत परत आला तेव्हा तो कॅप्टन होता. इन्स्पेक्टरने स्वतःच्याच हाताखालच्या दलात जाऊ नये, असा नियम कौन्सिलच्या पुस्तकात नाही. असं कुणी करेल हे लिहिणाऱ्याला सुचलंच नसणार. जमिनीची अडचण होती, तीही आम्ही लगेच दूर केली. दफनभूमीची एक जागा त्याला देऊन टाकली. त्याने टोपी डोक्यावर घातली. म्हणाला, सहा वर्षांत मला कुणी कशातही घेतलं नव्हतं.

तेव्हा तुझा राजीनामा अनुमोदनासह मंजूर. तू सुटलीस. नेव्हिलला कळवलं, तो म्हणाला बघू.

तू विचारलं होतंस ते मी वाचलं. उत्तर लिहायला बसले तर त्यात पुन्हा काहीतरी आणायला सांगितलं जाईल, म्हणून राहू दे.

एल्मा

ता. क. हॅड्रिलची जागा रॉनच्या डाव्या अंगाला आहे. तुझी उजवीकडची तशीच आहे.


व्हिक्टर हार्बर
१४ नोव्हेंबर

प्रिय एल्मा,

रॉनच्या डाव्या अंगाला?

माझा नवरा आयुष्यात कधी अनोळखी माणसाशेजारी बसला नाही. चर्चमध्येसुद्धा कडेची जागा धरायचा. आणि तुम्ही त्याच्या शेजारी कायमचा एक कौन्सिलचा माणूस आणून ठेवताय, केक आवडतो म्हणून? मला विचारावंसं कुणालाच वाटलं नाही?

तुझ्याच २७ सप्टेंबरच्या पत्राप्रमाणे दफनभूमी समितीची अध्यक्ष मी आहे. त्या पदाचा मी राजीनामा दिलेला नाही. अध्यक्षाच्या सहीशिवाय जागा देता येत नाही. मी ती देणं रद्द करते आहे आणि तसं आजच कौन्सिलला कळवलं आहे, म्हणजे तुला मधे पडून ते पत्र माझ्याकडेच परत पाठवता येणार नाही.

कॅप्टन कुणालाही करा. मी सुटले, मला आनंद आहे.

डल्सी


थर्टीन माइल
१९ नोव्हेंबर

प्रिय डल्सी,

तुझं पत्र कौन्सिलला पोचलं. त्यांनी तत्परता दाखवली. जागा रद्द, म्हणून हॅड्रिलची जिल्ह्यात जमीन नाही, म्हणून तो कॅप्टन नाही. तो स्वतःच ते पत्र घेऊन आला, कारण असली पत्रं पोचवायचं काम त्याचंच आहे. केक खाल्ला नाही.

गुरुवारी २७ तारखेला सातला शेवटची सभा आहे. नियमाप्रमाणे घ्यावी लागते. सगळे येणार आहेत. कापणी चालू असूनही येणार आहेत, तेव्हा निवडायला कुणी नसेल. ३० तारखेला बंब जाईल आणि त्याच दिवशी नेव्हिल येईल.

मी तुला दोष देत नाही. रॉन माझा भाऊ होता. तो कडेची जागा धरायचा हे मला आठवायला हवं होतं. तू टेनिस, दफनभूमी, सगळ्यांतून मोकळी झालीस असं मी काल वृत्तांतात लिहिलं आणि खाली सही केली. आता तुला इथून काही येणार नाही.

कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतल्या आहेत. एक विचारायचं राहिलं. खोलीतून काही दिसतं का, असं मी नेव्हिलला विचारलं. तो म्हणाला, गॅरेज.

एल्मा


व्हिक्टर हार्बर
२३ नोव्हेंबर, तातडीचे

प्रिय एल्मा,

कपबशा गुंडाळणं थांबव.

तुला एक सांगायचं होतं, ते सांगवत नव्हतं. गेल्या महिन्यात इथल्या, हिरवळीवर गोळे घरंगळवणाऱ्या बोल्स क्लबची वार्षिक सभा होती. मी मुद्दाम गेले नाही. घरीच बसले, बरे कपडे घालून, फोनशेजारी. म्हटलं, आता कुणीतरी येऊन सांगेल की मिसेस, तुम्ही खजिनदार झालात, आणि मी चांगली भांडेन. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर सगळी पदं भरलेली. लोकांनी स्वतः हात वर करून मागून घेतली होती. मी आले नव्हते, हे कुणाच्या लक्षातही नव्हतं. इथे गैरहजर राहून काहीच होत नाही, एल्मा. माणूस फक्त नसतो.

आता नीट वाच आणि नियमाप्रमाणे सगळं कर.

बुधवारी सकाळी मी निघते. दोन बस बदलून गुरुवारी सहाला थर्टीन माइलला उतरेन. कॅप्टनने इन्स्पेक्टरसमोर सही करायची असते, म्हणून हॅड्रिलला सभेला बोलाव. जमीन माझी आहेच, उजव्या अंगाची. रॉनच्या डावीकडची जागा मी कुणालाही देणार नाही, पण कुंपणाजवळ झाडाखाली एक बरी जागा आहे, ती त्याला दे. दलात घ्या त्याला, म्हणजे आठ होतील आणि मर्व्हिनला एखाद्या सभेला घरी झोपता येईल. उन्हाळाभर मी तुझ्याकडे राहीन. पुढचं पुढे, सभा घेऊन ठरवू.

पण सभा चालू असताना मी आत येणार नाही. आत आले तर हजर होईन, आणि हजर माणसाला तिथे कुणी निवडलेलं मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. मी हॉलबाहेर पाण्याच्या टाकीशी बाकावर बसेन. मी तिथे आहे हे खिडकीतून सगळ्यांना दिसेल, तरी कुणी हात करू नये. जॉइसने चहा आणून देऊ नये. कॉलिनला ताकीद दे की दार उघडं टाकून माझ्याशी गप्पा मारायच्या नाहीत.

तू वृत्तांतात लिही: डल्सी गैरहजर. मग मतदान घे, आणि ते झालं की बाहेर येऊन मला सांग. मी जराशी भांडेन. तेवढं चालवून घे.

डल्सी